आधी कागदावर बेतू या!

ब्लाउज शिवायला बसलं की आपण लगेच कापडाला कात्री लावतो का? छे! आधी जुन्या वर्तमानपत्रावर माप उतरवायचं, कागद कापायचा, अंगाला लावून बघायचा. चुकला तर चुकला, रद्दीच ती! पण घरातला उन्हाळा सोसेनासा झाला, की हेच शहाणपण आपण विसरतो आणि थेट एअरकंडिशनरच्या दुकानात जाऊन उभ्या राहतो. दीड टनाचा घ्यायचा की दोन टनाचा, हे ठरवतो कोण? दुकानदार!

मोठ्या इमारतींसाठी हा ‘कागद’ आता संगणकात बेततात. कुठली भिंत किती जाड, कुठली खिडकी पश्चिमेला, दिवे किती, माणसं येतात-जातात केव्हा, सारं त्यात भरायचं. त्यावर त्या गावचं वर्षभराचं हवामान तासातासानं, म्हणजे ८,७६० तासांचं, लावायचं. मग ती इमारत किती वीज खाईल हे संगणक सांगतो. मात्र लगेच विश्वास ठेवायचा नाही हं! आधी जुन्या बिलांशी ताडून पाहायचं. जुळलं नाही तर माप चुकलं. जुळलं, की मग विचारायचं, खिडक्या सुधारल्या तर? दिवे बदलले तर?

न्यूयॉर्कची १०२ मजली एम्पायर स्टेट बिल्डिंग तुम्हाला चित्रांतून ठाऊक आहेच. १९३१ सालची ही इमारत. २००९ मध्ये तिच्या ऊर्जाबचतीची योजना जाहीर झाली, त्याआधी तिची अशीच प्रतिकृती करून साठाहून अधिक कल्पना तपासल्या गेल्या. निवडल्या फक्त आठ!

त्यातली खिडक्यांची हकिगत मला फार आवडली. तिथं खिडक्या ६,५१४. सगळ्या मोडीत काढल्या का? नाही. दुहेरी काचेच्या त्याच खिडक्या उतरवून, इमारतीतच कारखाना थाटून, दोन काचांमध्ये पातळ पडदा बसवला, वायू भरला आणि पुन्हा जागेवर लावल्या. जुन्या साडीला अस्तर लावून दुलई करावी, तसंच की! शिवाय उष्णता भिंतीतून वाया जाऊ नये म्हणून रेडिएटरांच्या मागेही आवरण बसवलं.

नुसत्या खिडक्यांचा हिशेब केला, तर हा खर्च डोईजड वाटला असता. पण प्रतिकृतीनं सगळा संसार एकत्र मांडून दाखवला. खिडक्या सुधारल्या, दिव्यांची उष्णता कमी झाली, की थंडाव्याची गरजच घटते. मग गारव्याची अवाढव्य यंत्रं बदलून मोठी करायला नकोत, आहेत तीच दुरुस्त करून भागतं. तिथं जवळजवळ १ कोटी ७० लाख डॉलर वाचले. एकूण ऊर्जेत ३८ टक्के आणि वर्षाला ४४ लाख डॉलरची बचत होईल, असा अंदाज निघाला.

अर्थात संगणकाला सगळंच कळतं असं नाही. यंत्र चालू ठेवून खिडकी सताड उघडी टाकणारी माणसं प्रत्येक घरात असतात. (आमच्याकडे कोण, ते सांगत नाही!)

आपल्या दोन-तीन खोल्यांना एवढा खटाटोप नको. पण बारा महिन्यांची बिलं काढा, एप्रिल-मे आणि डिसेंबर शेजारी ठेवा. वाढलेला आकडा बहुतेक उन्हाळ्याचा. मग दुपारी तीन वाजता भिंतींना हात लावत घरभर फिरा. पश्चिमेची खिडकी तापते का? वरच्या मजल्यावर राहत असाल, तर छत? खिडकीला आतून जाड पडदा लावला, तरी काचेतून आलेलं ऊन घरातच राहतं. तेच बाहेरून बांबूची चिक सोडली, की ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. गच्चीला पांढरा चुना दिला, की स्लॅब कमी तापतो.

आम्हीही यंदा दुकानदाराला थांबवून ठेवलंय. आधी चिक आणि चुना. मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा भिंतींना हात लावून बघणार, आणि मगच टनांचं बोलणार.