चामडी बूट: हवा पाहून, वाट पाहून

चामड्याचा बूट घेताना आधी तळ पाहावा, वरचं चामडं नंतर. गुळगुळीत चामडी तळ कोरड्या हवेत, ऑफिसात उत्तम. ओल्या फरशीवर तो सटकतो आणि पाणीही शोषतो. डोंगरवाटेला खोल खाचांचा रबरी तळच हवा. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावले. त्या दुर्घटनेनंतर इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांनी असा तळ तयार केला, तो १९३७ मध्ये बाजारात आला. सह्याद्रीतल्या शेवाळलेल्या कातळावर मात्र रबरही दगा देतं. तिथे पाऊल जपूनच टाकावं.

स्वेड देखणं असतं, पण आपल्या जुलैत ते नकोच. जाड, पृष्ठभाग न घासलेलं चामडं पाणी उशिरा आत घेतं. पावसाळ्याआधी त्यावर, विशेषतः शिवणींवर, मेण चोळून मुरवावं.

भिजलेले बूट शेगडीपाशी किंवा हीटरपुढे कधीही ठेवू नयेत. ओलं चामडं कोरड्यापेक्षा कमी उष्णतेतच आकसतं आणि मग त्याला तडे जातात. सुकतळा बाहेर काढावा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ते ओले झाले की बदलावेत आणि बूट पंख्याखाली वाळू द्यावेत. घाईने कपाटात टाकले तर बुरशी ठरलेली.

हिमालयात जायचं असेल तर माप जाड लोकरी मोजे घालून, संध्याकाळी घ्यावं. दिवसभरात पाय थोडे फुगतात. बोटं आवळली गेली की रक्त नीट फिरत नाही, आणि मोजे कितीही चढवले तरी पाय गारच राहतात.