मदतीचा पैसा आणि मुळा-मुठेचे पाणी

दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेल्या लेसोथोत १९७५ मध्ये जागतिक बँक आणि कॅनडाच्या मदतीने थाबा-त्सेका हा ग्रामविकास प्रकल्प सुरू झाला. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फर्ग्युसन यांनी १९९० च्या पुस्तकात त्याची चिकित्सा केली. प्रकल्पामागच्या अहवालांनी लेसोथोला मागास शेतकऱ्यांचा देश ठरवले होते. प्रत्यक्षात तिथली घरे दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतल्या मजुरीवर चालत. गुरांचा बाजार वाढवा, असे तज्ज्ञ सांगत. पण खाणकामगाराला गाय म्हणजे म्हातारपणची पुंजी वाटे. शेती सुधारली नाही, सरकारी कचेऱ्या मात्र डोंगरात पोहोचल्या. राजकीय प्रश्नाला निव्वळ तांत्रिक रूप दिले की असे होते, हा फर्ग्युसन यांचा निष्कर्ष.

तो पुण्यालाही लागू पडतो. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेशी जानेवारी २०१६ मध्ये सुमारे १९ अब्ज येनचा कर्जकरार झाला. ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे ठरली. केंद्रांशिवाय नदी स्वच्छ कशी होणार, असे कोणी विचारेल. आक्षेप रास्त आहे, केंद्रे हवीतच. पण ओढ्याकाठच्या वस्तीचे सांडपाणी ड्रेनेजलाइनला जोडलेलेच नसेल, तर ते केंद्राला वळसा घालून थेट नदीत उतरते. वस्तीत लाइन कधी येणार, पुढे वीजबिल कोण भरणार, खाली उजनी धरणाचे पाणी वापरणाऱ्यांचे कोण ऐकणार, याची उत्तरे यंत्रांत नाहीत. म्हणून केंद्रे मोजताना पुणेकरांनी हेही विचारावे : घरे किती जोडली, आणि निर्णयाला कोण हजर होते?