घोडीचे 120 दिवस

वरातीतली घोडी तुम्ही पाहिली असेलच. डोक्यावर तुरा, पाठीवर जरीची झूल अन् पुढे बँडबाजा! पण आषाढी एकादशीनंतर ती काय करते, हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. इथे छत्रपती संभाजीनगरात माझ्या वर्गात एका घोडीवाल्याचा मुलगा आहे. तो एकदा म्हणाला, "बाई, आता तुळशीच्या लग्नापर्यंत वराती नाहीत. घोडीला खायला तर रोज लागतं. बाबा विकायची म्हणताहेत."

आम्ही फळ्यावर हिशेबच मांडला. 400 किलो वजनाच्या घोडीला दिवसाला साधारण 8 किलो सुका चारा. 120 दिवसांचा झाला 960 किलो! शिवाय चंदी, म्हणजे हरभऱ्यासारखा खुराक, नाल आणि दुखलंखुपलं तर डॉक्टर.

मग मी मुलांना उपचार करणाऱ्या घोड्यांबद्दल सांगितलं. हो, घोडेसुद्धा उपचाराला मदत करतात! घोडा चालतो तेव्हा पाठीवर बसलेल्याची कंबर पुढेमागे, डावीउजवीकडे, वरखाली हलते. आपण चालताना हलते जवळजवळ तशीच. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्या मुलांना तोल सांभाळणं जड जातं, त्यांना यातून सराव मिळतो. त्यानं आजार बरा होत नाही हं, पण बसणं, तोल धरणं सुधारू शकतं. सोबत शिकलेली माणसं मात्र हवीतच.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 साली पोलिओ झाला अन् गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. घोड्यावर चढायलाही मदत लागे. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून त्यांनी रौप्यपदक पटकावलं! पुढे युरोपात दिव्यांगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं निघत गेली.

अशा केंद्रातला घोडा शांत हवा, बुजरा चालत नाही. त्याला दिवसभर राबवताही येत नाही. म्हणजे कमाई थोडी, खाणं मात्र पूर्ण. म्हणून परदेशात लोक एकेका घोड्याचं पालकत्व घेतात. घोडा राहतो केंद्रातच. पालक चाऱ्याचा, नालांचा, औषधाचा खर्च देतात. कुणी एकटा देतो, कुठे चारचौघं मिळून.

खरी परीक्षा असते ती बिनकामाच्या दिवसांची. आपल्या माथेरानचंच बघा. 2020 च्या टाळेबंदीत तिथं पर्यटक येईनात, घोड्यांची कमाई थांबली. तेव्हा बाहेरच्या लोकांनी त्यांच्यासाठी खाद्य पोचवलं. त्याही आधी, साडेतीनशे वर्षांपूर्वी, शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून ताकीद दिली होती, की दाणा-गवत आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडी मरतील. दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल अन् गवत पेटेल, इथवर त्यांनी विचार केला होता!

हे ऐकून मुलं गप्प बसतील कशी? "बाई, आपण आपल्या घोडीचे पालक होऊ या!" मी त्या मुलाच्या वडिलांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, पैसे नकोत. द्यायचाच तर कडबा द्या."

गेल्या शनिवारी 22 पेंढ्या जमल्या. पहिली तर घोडीनं आमच्यासमोरच फस्त केली! हिशेबानं चार-पाच दिवसांची सोय झाली. सोमवारी मुलांनी फळ्यावरच्या 120 मधून 5 वजा केले.