जुन्या बाईकला नवा चेहरा

2008 साली आलेली यामाहा आर15 आजही रस्त्यावर दिसते. इंजिन ठणठणीत, पण तिचं गोलसर फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं आवरण, आताच्या धारदार बाइकींपुढे जुनाट वाटतं. म्हणून अनेक जण ते कापून नवा आकार देतात. मात्र फेअरिंग म्हणजे फक्त सजावट नाही, हवा कापायलाही ते असतं. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला आठपट ताकद लागते. शिवाय आर15चं इंजिन लिक्विड कूल्ड आहे. रेडिएटरमधून तापलेली हवा बाहेर पडायच्या वाटा दिसायला नकोशा वाटल्या, तरी त्या बुजवू नयेत. नाहीतर ट्रॅफिकमध्ये इंजिन तापेल.

करवत चालवण्याआधी पॅनल उलटं करा. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो. एबीएस असेल तर काम सोपं: त्याचेच तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली पेस्ट भेगेत भरली की ती मूळ प्लास्टिकशी एकजीव होते. पॉलिप्रॉपिलीनवर मात्र अ‍ॅसिटोनची मात्रा चालत नाही. नुसत्या पुट्टीवर भिस्त ठेवू नका, इंजिनाच्या थरथरीने तिला तडे जातात.

रंगाआधी सगळे पॅनल बसवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. ते कुठेही घासता कामा नये. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.