परळचा प्रश्न, परळचं उत्तर

जिभेवर कॅन्सरची लहानशी गाठ आहे, मान चाचपली तर हाताला काहीच लागत नाही. अशा वेळी मानेतल्या लसीका ग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की पुढे सुजल्या तरच काढाव्यात? जगभरचे सर्जन यावर कित्येक दशकं भांडत होते, आणि दोन्ही बाजूंना तथ्य होतं. आधीच काढल्या तर अनेकांची मान विनाकारण कापली जाते, खांदा आखडतो. थांबलं तर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा पेशी आधीपासून तिथे दडलेल्या असू शकतात.

याचं उत्तर 2015 साली मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून आलं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. निवड डॉक्टरांवर सोडली असती तर धडधाकट रुग्ण नकळत एकाच बाजूला गेले असते. सुमारे 500 रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा ग्रंथी सुजेपर्यंत थांबलेल्या गटातले 67.5 टक्के तीन वर्षांनंतर जिवंत होते. आधीच काढलेल्या गटात हे प्रमाण होतं 80 टक्के! दर आठ रुग्णांमागे एक जीव जास्त वाचला. फरक मुख्यतः ग्रंथी कधी काढायच्या, याचाच होता.

हे परळलाच कसं साधलं? इथे 1941 मध्ये रुग्णालय उघडलं आणि 1952 मध्ये कॅन्सर संशोधन केंद्र. त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत खानोलकर. 1966 साली दोन्ही संस्था एक झाल्या. उपचार, संशोधन आणि अध्यापन एकाच डॉक्टरच्या दिनक्रमात आलं. ओपीडीत रुग्ण समोर असतो, शेजारी शिकाऊ डॉक्टर उभा असतो. ‘ग्रंथी आत्ताच का काढत नाही?’ असं त्यानं विचारलं, तर निव्वळ सर्जन अनुभवाचा दाखला देऊन मोकळा होईल. संशोधक असलेल्या शिक्षकाला मात्र कबूल करावं लागतं, की याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. तपासणीची सुरुवात तिथेच होते. पुढे मिळालेलं उत्तर तोच शिकाऊ डॉक्टर आपल्या गावच्या ऑपरेशन थिएटरात घेऊन जातो.

इथलंच दुसरं उदाहरण तर थक्क करणारं आहे. दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करायला वापरतात ते लिग्नोकेन, डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूनं स्तनाच्या गाठीभोवती शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी टोचून पाहिलं. 1600 स्त्रिया, 11 केंद्रं. पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण औषध न टोचलेल्या गटात 86.4 टक्के होतं, टोचलेल्या गटात 90.1 टक्के. अशा स्वस्त, जुन्या औषधाची चाचणी घेण्यात कुठल्या कंपनीला नफा दिसणार? ती घ्यायला रोज रुग्ण तपासणारा आणि रोज प्रश्न विचारणारा डॉक्टरच लागतो.

या आकड्यांमागे चाचणीला होकार देणारे रुग्ण आहेत. उद्या तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला अशा चाचणीबद्दल विचारलं, तर ‘आमच्यावर प्रयोग नको’ असं म्हणून लगेच उठू नका. फायदा काय, धोका काय, मधेच बाहेर पडता येईल का, हे सगळं निःसंकोच विचारा आणि मग ठरवा. आज डॉक्टर तुम्हाला खात्रीनं सांगतात तो उपचार कालच्या रुग्णांच्या होकारातूनच आला आहे.