वेष्टनातले औषध

भोकरच्या सरकारी दवाखान्यातून क्षयाच्या रोग्याला ज्या गोळ्या मिळतात, त्यांत आयसोनियाझिड नावाचे एक औषध असते. १९५२ पासून ते वापरात आहे. गंमत अशी की, आपण गिळतो तेव्हा ते पुरते औषध झालेलेच नसते. क्षयाचा जंतू ते आपल्या पोटात घेतो, स्वतःच्याच विकराने त्याचे रूप पालटतो, आणि मग जे तयार होते ते त्याच्याच मुळावर येते! शरीरात शिरल्यावर मग औषध बनणाऱ्या अशा पदार्थाला ‘प्रोड्रग’ म्हणतात. आपण त्याला वेष्टनातले औषध म्हणू या.

हीच युक्ती शास्त्रज्ञांनी आता आपल्या रक्तातले पहारेकरी जागे करण्यासाठी योजली आहे.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींत टी-पेशी नावाचे शिपाई असतात. त्यांतले बहुतेक जण शत्रूच्या प्रथिनांचे तुकडे पाहून त्याला ओळखतात. पण त्यांच्यात ‘गॅमा-डेल्टा’ नावाचे एक लहानसे कूळ आहे. शेकड्यात चारदोनच म्हणा ना. १९८० नंतरच्या दशकात त्याचा शोध लागला. रक्तातल्या या कुळाची ओळखण्याची खूण निराळी. शेतकऱ्याला सुपर फॉस्फेट ठाऊक आहे. त्याच फॉस्फेटचे अंश जोडलेला ‘एचएमबीपीपी’ नावाचा रेणू ही ती खूण. क्षयाचे जंतू आणि हिवतापाचे परोपजीवी तो तयार करतात, माणसाचे शरीर करीत नाही. म्हणून तो दिसला की घरात परका शिरला, हे नक्की. याच रेणूचा एक भाऊबंद आपल्या पेशींतही असतो. कर्करोगाच्या काही पेशींत तो फार साचतो, आणि मग हे शिपाई त्यांच्यावरही धावून जातात.

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राची खारघरला ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधनसंस्था आहे. तिथे डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी या पेशींवर पुष्कळ वर्षे काम केले. हाडांच्या विकारावर देतात ते झोलेड्रोनेट पेशीतली एक वाट अडवते, आणि बंधारा घातल्यावर पाणी तुंबावे तसा तो भाऊबंद रेणू आत तुंबतो. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काचेच्या बशीत हा प्रयोग केला, तेव्हा गॅमा-डेल्टा पेशींनी त्या मारल्याचे २०१० साली त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले.

आता तुम्ही म्हणाल, मग तो खुणेचा रेणूच सरळ टोचून का देत नाहीत? अडचण आहे ती दाराशीच. पेशीचे आवरण तेलकट, आणि फॉस्फेटवर विजेचा ऋणभार. तेल लावलेल्या काठवटीवर पाण्याचा थेंब जसा मुरत नाही, तसे हे रेणू आवरणातून सहजी आत जात नाहीत. आणि जायला तर आतच हवे! कारण हा रेणू पेशीच्या आवरणातल्या ‘बीटीएन३ए१’ या प्रथिनाच्या आतल्या टोकाला चिकटतो, आणि त्याचा निरोप बाहेरच्या शिपायाला मिळतो. हे २०१२ नंतर उलगडत गेले.

अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली तोड काढली. मूळ रेणूत थोडा फेरफार करून त्यांनी त्याचा भार तेलकट वेष्टनाखाली झाकला. झाकलेला रेणू आवरणातून सुखाने आत जातो. आत पेशीचीच विकरे वेष्टन फोडतात, आणि खूण मोकळी होते. उघड्या रेणूच्या मानाने त्याची शेकडो पटींनी कमी मात्रा पुरली.

पण वाचकहो, हे सारे अजून प्रयोगशाळेतले आहे. वेष्टन कुठे फुटेल, नको त्या पेशीत फुटले तर काय, याची परीक्षा व्हायची आहे. जागा झालेला शिपाई घरच्यांवर उठता कामा नये. तेव्हा ‘प्रतिकारशक्ती जागी करणारे कर्करोगाचे औषध’ म्हणून कोणी पुडी पुढे केली, तर तीवर पैसा आणि वेळ घालवू नका. आपल्या भागात तंबाखू-गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग घरोघरी ठाऊक झाला आहे. तोंडात पांढरा चट्टा दिसला, किंवा दोन-तीन आठवडे व्रण भरला नाही, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. पहारेकऱ्यांना जागे करणारे औषध येईल तेव्हा येईल. आपला पहारा मात्र आजच आपल्या हाती आहे.