पियानोच्या बाई निवडताना

“मुलीला पियानो शिकायचाय, पण बाई शोधायच्या कुठं?” मैत्रिणींनो, जवळच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांना किंवा वाद्यांच्या दुकानात विचारा, शिकवणाऱ्यांची नावं तिथं कळतात. मात्र फी भरण्याआधी एक तास शेजारी बसून पाहा. मूल चुकलं की बाई खेकसतात, की तीच ओळ सावकाश वाजवून दाखवतात? ट्रिनिटीच्या 8 ग्रेड जरूर द्याव्यात. पण वर्षभर परीक्षेचेच तुकडे घोकून घेतले, तर गोडी मरते आणि वाद्य कायमचं सुटतं. घरात पियानो नाही म्हणून अडू नका; जड पट्ट्यांचा, 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो चालतो. रोज 20 मिनिटं सराव पुरे. आणि हो, मुलीला सोडायला जाताच, तर तुम्हीही शिका की! चाळिशीतली बोटंही वळतात, बरं का!